अनुसयाचं रान खडकाळ नव्हतं

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही — आणि ते आमच्या चर्चचे पाळक होते, अख्खी मंडळी त्यांच्याकडे असल्याच गोष्टी सांगायला यायची. मुलींना नाही. देवाला तरी सांगितली असेल असं तुम्हाला वाटेल — तर त्यालाही धड सांगितली नाही. त्याला ठाऊकच आहे, मग कशाला, असं म्हणून मी गप्प बसायचे. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

एक मात्र आधीच बजावते. वाचता वाचता तुम्हाला माझी दया येऊ लागली, तर ती आपल्याजवळच ठेवा. आता मी म्हातारी आहे, गुडघे गेलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय — पण त्याचा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही. तेव्हा मी चाळिशीत होते, धडधाकट होते आणि माझं डोकं ठिकाणावर होतं.

पारनेरहून आत, माळाच्या कडेला आमचं गाव. पावसावर पिकणारं. आमची ख्रिस्ती घरं थोडी, पण जुनी — पणजोबांच्या वेळेपासूनची. हे उपदेश करायचे, लग्नं लावायचे, माती द्यायचे. मी बायकांची प्रार्थना चालवायचे आणि शेतातले धडे द्यायचे. त्या धड्यांसाठी लोक शेजारच्या गावांतून यायचे. मोठेपणा सांगते असं वाटलं तर वाटू दे. होता मोठेपणा.

मी सांगायचे, पाऊस माळावर पडतो तसाच मळ्यात पडतो. पण माळावर चर खणलेले नसतील तर सगळं पाणी ओढ्याने निघून जातं. कृपेचंही तसंच. पडते सगळीकडे — तुम्ही चर खणलाय का? ज्या बायकांनी उन्हाळाभर टिकाव-फावड्याने चर खणले होते त्यांना हे लगेच कळायचं. मी सांगायचे, नुसता पाऊस ढेकूळ फोडत नाही, मागून कुळव फिरवावा लागतो; आणि दुःखाला नावं ठेवू नका, तो कुळव आहे. हरळी वरून उपटली तर दुप्पट वाढते, रागाचंही तसंच, कुदळ घ्या. कणसात दाणा भरला की पाखरं येतात. रिकाम्या कणसावर कोण येतो? तेव्हा परीक्षा आली तर घाबरू नका, गोफण घ्या.

हे धडे खोटे नव्हते. आजही त्यातला एकही मी मागे घेणार नाही. एक सोडून.

तो एक धडा अजून मंडळीत सांगितला जातो. ‘खडकाळ रान’ म्हणून. माझ्या नावावर. आणि त्या धड्यापासून आजपर्यंत एका बाईने प्रभुभोजनाला हात लावलेला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट तिच्यापर्यंत येतं आणि ती ते न घेता शेजारणीच्या हातात देते. प्याला येतो, तोही पुढे देते. वीस वर्षांच्या वर झालं. मी पुढच्या बाकावर बसते, पण मान किंचित वळवली की दिसतं. मी वळवतेच. का वळवते? कदाचित एखाद्या रविवारी घेईल आणि माझी सुटका होईल म्हणून.

तिचं नाव अनुसया. नवरा लवकर गेला. मुलगा एक, शमुवेल. ओढ्याच्या पलीकडे तिचं दोन एकरांचं रान — काळं नव्हे, मुरमाड, पण राबलं की देणारं.

आता बियांच्या खोलीबद्दल सांगायला हवं. ती कल्पना माझीच. चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली होती. सुगीला प्रत्येक घराने बाजरीचं उत्तम बी तिथे आणून द्यायचं, आणि पुढच्या मृगाच्या आधी ज्याच्या घरी बी नाही त्याला ते द्यायचं. त्याला आम्ही देवाच्या वाट्याचं बी म्हणायचो. खोलीची किल्ली माझ्या कमरेला. पेरणीआधीच्या रविवारी बी-प्रार्थना व्हायची — ज्याने त्याने आपलं बी सुपात घेऊन यायचं, सगळी सुपं टेबलापुढे मांडायची, हे हात पसरून प्रार्थना करायचे. आणि एक नेम होता. प्रार्थना झालेल्या बियांची चाचणी घ्यायची नाही. एरवी आमच्याकडची कुठलीही बाई पेरणीआधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते, किती मोड येतात बघते, मगच पेरायला घेते. पण प्रार्थनेच्या बियांना गोणपाट दाखवायचं नाही — देवाची परीक्षा पाहिल्यासारखं होतं. हा नेम कुणी घातला? मीच. ऐकायला छान वाटायचा.

त्या वर्षी मे महिन्यात मी भावाच्या मुलीच्या लग्नाला श्रीरामपूरला गेले. जायच्या आधी दिसलं होतं की खोलीचा एक पत्रा उचकटलाय. आल्यावर बघू म्हटलं. पोतं भिंतीपासून आत ओढायला किती वेळ लागला असता? पण गाडी दारात उभी होती, माझी नवी साडी होती — आणि धूळ लागली असती. हो, एवढंच कारण होतं. माझ्या माघारी वळवाचा पाऊस झाला, आणि चांगला बदाबदा झाला. परत आले तेव्हा पोत्याला वास येत होता. हात घातला तर आत उबारा, दाण्यांचे गठ्ठे झालेले.

मी काय केलं? दुपारच्या वेळी, सगळे रानात असताना, ते बी चर्चच्या ओसरीवर पसरलं. उन्हात वाळवलं, हाताने चोळून मोकळं केलं, पाखडलं. बुरशी उडून गेली. बघणाऱ्याला काही कळलं नसतं — रंग थोडा उतरला होता, बस. मग घरी मूठभर दाणे गोणपाटात घातले, चुलीच्या कोपऱ्यात ठेवले. कुणी विचारलं असतं तर मटकी भिजवलीय म्हणाले असते. दोन-चार दिवसांनी उघडलं. इकडे एक, तिकडे एक, असे तुरळक मोड. बाकी सगळं मेलेलं.

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं होतं. होय ना? दोन वाक्यांचं काम होतं. पत्रा उचकटला होता, माझ्या हलगर्जीपणाने बी भिजलं, यंदा घराघरांतून थोडं थोडं गोळा करू. लोक काय, हसले असते, दोन दिवस बोलले असते, आणि दिलं असतं. पण थोड्याच दिवसांपूर्वी मी विश्वासूपणावर धडा दिला होता. त्यात किल्ली हातात धरून दाखवली होती सगळ्यांना. आणि त्या किल्लीवालीने आता उभं राहून हे सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकली.

त्याहून वाईट पुढे आहे. मी स्वतःला म्हटलं — प्रार्थना होणारच आहे की. प्रार्थना झाल्यावर उगवेल. याला विश्वास म्हणतात, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगू? तो विश्वास नव्हता. मी देवाच्या आड लपले होते. लहान मूल काहीतरी फोडून आईच्या पदराआड लपतं ना, तशी. विश्वास असता तर मी ते बी माझ्या यजमानांच्या वावरात पेरलं असतं. तिथल्यासाठी मी नगरहून विकतची पिशवी आणवली. हे वाक्य तुम्ही चुकीचं वाचलेलं नाही — विकतची पिशवी आणवली.

त्या वर्षी बी कुणाला द्यायचं हे ठरलेलंच होतं. अनुसयाला. तिच्या घरचं बी आदल्या वर्षी खाण्यात गेलं होतं, पोरगं आजारी होतं म्हणून. बी-प्रार्थना झाली, गाणी झाली, आणि सगळ्यांसमोर मी तिला जवळ बोलावलं. तिने दोन्ही हातांनी पदर पसरला. मी माप ओतलं. ती रडत होती, आनंदाने. मीही डोळ्यांना पदर लावला. कशासाठी लावला, देव जाणे.

पाऊस त्या वर्षी छान झाला. हेच तर सगळ्यांत वाईट झालं! पावसाने ओढ दिली असती तर सगळ्यांचंच करपलं असतं आणि मी सुटले असते. पण वाफसा उत्तम, ऊन-पाऊस वेळच्या वेळी. ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे बाजरी हिरवीगार उगवून आली, आणि मधोमध अनुसयाचं रान उघडं. तिच्या बांधाला बांध असलेले तात्या — मोठे बागाईतदार, हिंदू घर, पण तिला बहिणीसारखं मानायचे — ते म्हणाले, आगं बियातच खोट दिसती, माझ्याकडचं घेऊन जा, वल हाय तवर दुबार पेर. तिने नाही घेतलं. ‘बी प्रार्थनेचं हाय तात्या, त्याला नाव ठिवायचं न्हाई,’ म्हणाली. दुसरं बी टाकणं म्हणजे देवाच्या बियाला खोटं पाडणं. हे तिने मला स्वतः येऊन सांगितलं — मोठ्या अभिमानाने, शाबासकी मिळेल म्हणून. मी तिला चहा दिला. ओल अजून होती. अजूनही दोन वाक्यांचंच काम होतं. मी चहात साखर पुरे आहे का विचारलं.

मग कुजबुज सुरू झाली. बी प्रार्थनेचं, मग उगवलं कसं नाही? कुणी माझ्या खोलीकडे बघेल याची मला धास्ती बसली. आणि बायकांच्या प्रार्थनेत त्या आठवड्यात मी तो धडा दिला. कुणाचं नाव घेतलं नाही. बी एकच, पाऊस एकच — मग फरक कशात? जमिनीत. वरून भुसभुशीत दिसणाऱ्या रानाखाली खडक असतो. ज्याने त्याने आपल्या मनात खणून बघावं, म्हटलं. मला ठाऊक होतं की आदल्या वर्षी पोरगं तापाने फणफणलं होतं तेव्हा ती माहेरच्या जत्रेत जाऊन नारळ फोडून आली होती. सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी नाव न घेता सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळवल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच — फक्त मी त्या हळू आवाजात, डोळे मिटून मारल्या.

अनुसया उभी राहिली. म्हणाली, ‘माज्याच मनात खडक हाय. म्या नारळ फोडला हुता.’ आणि खाली बसली. कुणीतरी हुंदका दिला. मी गाणं सुरू केलं.

पेरावं तसं उगवतं असं लोक म्हणतात. काय म्हणतात! पेरलं मी, आणि उगवलं तिच्या रानात.

त्या खरिपाचं तिला काही मिळालं नाही. उशिरा हुलगा टाकला, त्याचा नुसता चारा झाला. दिवाळीनंतर ती कोयता घेऊन ऊसतोडीला गेली, शमुवेलला बोर्डिंगातून काढून बरोबर नेलं. पुढे तो पुन्हा शाळेत बसला नाही. आज टेम्पो चालवतो, बरा आहे, मला रस्त्यात दिसला की गाडी थांबवून ‘बाई, सोडू का?’ विचारतो. मी बसते त्याच्या टेम्पोत. काय करू, न बसण्यानेही काही फिटत नाही.

पण पिकापाण्याचं एक वेळ सोडा. ते नुकसान मोजता येतं, भरून देता येतं. अनुसयाच्या मनात मी जे घातलं ते काढायचं कसं? देवाने आपलं रान बघितलं आणि तोंड फिरवलं, असं ती बाई मानून चालली. कसलीच कटकट नाही, राग नाही. दर सुगीला चांगली कणसं निवडून आणते, टेबलापुढे ठेवते आणि मागच्या बाकावर जाऊन बसते. ताट येतं, पुढे देते. यांनी एकदा तिला विचारलं होतं. ‘म्या लायक झाले की घेईन,’ म्हणाली. यांनी ते मला जेवताना कौतुकाने सांगितलं — केवढी नम्रता, म्हणाले. मी त्यांना भाकरी वाढली.

माझे हे गेल्यावर दोन-तीन पाळक आले-गेले. आत्ताचा तरुण आहे, गुणी आहे, गळा गोड आहे. चर्चच्या वर्धापनाला माझ्या धड्यांची पुस्तिका काढायची त्याने टूम काढली. घरी आला, म्हणाला, बाई, सगळे द्या, पण ‘खडकाळ रान’ नक्की हवा. त्या धड्याने आपली मंडळी मूर्तिपूजेपासून वाचली असं त्याची सासू सांगते म्हणे; ती आमच्याच मंडळीतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तो धडा खोटा आहे. तो हसला. म्हणाला, बाई, येशूचाच दाखला तो, खोटा कसा असेल? आणि वर सांगू लागला की जुनं काही असेल तर उकरू नका, दिवस बरे नाहीत, आपल्यावर टपलेल्यांच्या हातात कोलीत कशाला? त्याला वाटलं मी थकले आहे.

टपलेल्यांना टपू दे. माझी मूठ उघडी पडेल म्हणून मी एका बाईला वीस वर्षं भाकरीपासून लांब ठेवलं, तेवढं पुरे. माझ्या देवाला माझ्या लपवाछपवीची गरज नाही. त्याने पाऊस पाडला होता. नारळ फोडणारीवर पाडला, न फोडणारीवर पाडला, माझ्यासारखीवरही पाडला. त्याचं काम चोख होतं. मेलं होतं ते फक्त माझ्या पोत्यातलं बी. यात धडा काय आहे असं मला विचारू नका. मी आयुष्यभर पावसातून धडे काढले, यातून मी काढणार नाही. काढला की गोष्ट गोड होते, आणि ही मी गोड होऊ देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी टेकत ओढा ओलांडला. अनुसया अंगणात सूप घेऊन बसली होती, पेरणीसाठी बाजरी पाखडत. तिने लगबगीने घोंगडी टाकली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं — पत्रा, पोतं, ओसरीवरचं वाळवण, गोणपाट, तुरळक मोड, विकतची पिशवी, सगळं. एकही गोष्ट गाळली नाही. खडक नव्हता, म्हटलं. तुझ्या रानात नव्हता आणि तुझ्या मनातही नव्हता. मी खोटं बोलले.

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत काय आलं म्हणता? माया. ती उठली, माझा हात धरून मला घोंगडीवर बसवलं.

‘नका वो बाई. माज्यासाठी असं काहीबाही नका बोलू.’

मी म्हटलं, खरं आहे ते. अगं, शपथेवर सांगते.

‘मला ठाव हाय ना. मी परसादाचं घेत न्हाई म्हून तुमचा जीव तुटतो. म्हून तुमी पाप आपल्या अंगावर घ्यायला निगालात. तुमी लई मोठ्या मनाच्या.’

मी ओरडले. खरंच ओरडले — या वयात, तिच्या अंगणात. तिचे खांदे धरून हलवलं. माझा आवाज ऐकून शेजारची सून डोकावून गेली. पण जितकं मी ओरडावं, तितकी ती मला थोपटत होती. कसं पटणार तिला? इतकी वर्षं मी सांगितलेलं सगळं तिने खरं मानलं होतं. मी खोटं बोलू शकते हे मान्य केलं, तर तिचं दुसरं काय काय कोसळलं असतं! आणि तिने पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटले, आणि मोठ्याने प्रार्थना करू लागली.

‘देवा बापा, बाई माज्या मायेपोटी खोटं बोलल्या. त्यांच्या मनी पाप न्हाई. त्यान्ला क्षमा कर.’

आणि मी आमेन म्हणाले. सवयीने. आयुष्यभराची सवय — कुणाची प्रार्थना संपली की तोंडातून निघतंच. निघालं. ती समाधानाने उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

ती क्षमा माझी नव्हे. मी ती परत करते आहे.

पाळकांनो, पुस्तिकेसाठी धडा हवा होता, हा घ्या. छापायचा तर छापा, नाही तर बी-प्रार्थनेच्या रविवारी टेबलापुढे उभी राहून मी तो वाचेन. माझ्या हातून कागद काढून घ्यायची कुणात हिंमत असेल तर त्याने पुढे यावं. अनुसया मागच्या बाकावर असेल. तिला तरीही पटणार नाही कदाचित. पण तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या बाकांवरच्यांना पटेल, आणि त्यांनी तिच्याकडे ज्या माना वळवल्या होत्या त्या माझ्याकडे वळतील. वळू देत. बी मेलेलं होतं. मला ते माहीत होतं. आणि तिने पदर पसरला तेव्हा मी ते त्यात ओतलं.